रणधीर, मरीना आणि मधलं झाड

आमच्या हिंदुरावकाकांनी डझनभर प्रेमकादंबऱ्या लिहिल्यात, आणि त्यातल्या एकाही कादंबरीत नायक नायिकेला भेटलेला नाही.

म्हणजे ताटातूट झाली, बाप आडवा आला, गैरसमज झाला, असलं काही नाही. भेटीची सगळी तयारी व्यवस्थित होते. दूरदेशीचं बेट असतं, निळा समुद्र असतो, चांदणं पडलेलं असतं. दरवेळी तोच कॅप्टन रणधीर होडीतनं उतरतो. मरीना केसात फूल माळून उभी असते. दोघांत चार पावलं राहतात. रणधीर हाक मारतो, "मरीना!" मरीना वळते. आणि तेवढ्यात मधे झाड येतं.

झाड म्हणजे असंतसं नव्हे. एकदा घटपर्णी आली. तिचा पेला केवढा, त्याला झाकण कसं, माशी काठावरनं कशी घसरते, पडल्यावर तिचं पुढं काय होतं, अशी सहा पानं. माशी पूर्ण पचल्याशिवाय काका पुढं सरकत नाहीत. आणि ती पचेपर्यंत उजाडलेलं असतं, रणधीरची होडी निघून गेलेली असते, आणि प्रकरण संपलेलं असतं. पुढच्या प्रकरणात दुसरा किनारा, दुसरं झाड.

ही सगळी झाडं मी टाइप केलीत. राजारामपुरीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, गॉगल लावलेल्या भावी नगरसेवकांचे वाढदिवसाचे डिजिटल बोर्ड, आणि हिंदुरावकाका. एक गोष्ट आधीच सांगून टाकते. लिहिताना मी शहाण्यासारखं "आले, गेले" लिहिते, पण बोलताना आम्ही कोल्हापूरच्या बायका "आलो, गेलो"च म्हणतो. तेव्हा पुढं मी कुठं "मी येतो" म्हणाले तर दचकू नका. काकांची मरीनाही तसंच बोलते. नाशिकच्या एका वाचकानं फोन करून विचारलं होतं, मरीना नक्की बाईच आहे ना? मी म्हटलं, "व्हय, आमच्याकडची हाय."

काका पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा मला वाटलं, साठीशांतीची पत्रिका छापायची असेल. उंच, वाळलेले, सफारी घातलेले, काखेत छत्री. उन्हाळ्यात छत्री, पावसाळ्यात छत्री, दुकानात बसले तरी छत्री मांडीवर आडवी. जन्मभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केलेली. उसाची गाडी आली, तोलली, गेली. उसाची गाडी आली, तोलली, गेली. "वैनी," ते मला म्हणाले, "एकच झाड बघितलं हो मी जन्मभर. ते बी तोडल्यालं."

हे ते माझ्याकडं बघून म्हणाले नाहीत. माझ्या डोक्याच्या मागं भिंतीवर कॅलेंडर आहे, त्याच्याकडं बघून म्हणाले. पुढंही नेहमी तसंच. बाईमाणूस समोर असलं की यांची नजर दोन फूट वर जाते. कितीतरी दिवस मला वाटायचं, यांना तिथी बघायचीय. मी आपली विचारायची, "काका, चतुर्थी मंगळवारी हाय. तेच बघालाय न्हवं?" ते "व्हय व्हय" म्हणायचे आणि कॅलेंडर सोडून पंख्याकडं बघायला लागायचे.

कादंबरीतलं काहीच मला कळायचं नाही, हे आधी कबूल करते. बेटाचं नाव तालिमोआ. ते कुठल्या समुद्रात आहे, हे काकांनाही नक्की माहीत नाही. तिथं व्हॅनिलाचे वेल, विलायती फणस, पाणी साठवणारी प्रवासी केळ, नरड्याएवढ्या देठाची ऑर्किडं. इथवर ठीक. पण चौथ्या प्रकरणात बेटावर दूध संस्थेची निवडणूक लागली.

मी टाइप करता करता थांबले. "काका, बेटावर दूध संस्था?"

"मग लोकांनी कोरा च्या प्यायचा व्हय?"

"पण म्हशी कुठनं आल्या तिथं?"

"होडीतनं," काका पंख्याला म्हणाले. "दुसऱ्या भागात हाय ते. तुमी नीट वाचत न्हाई वैनी."

आता बोला! मरीनाचे डोळे प्रवाळासारखे, चाल हरिणीसारखी, आणि वडील दूध संस्थेचे चेअरमन. आठवड्याच्या बाजाराला सगळं बेट लोटतं. बाजारात रणधीर मरीनाला लांबून बघतो आणि गर्दीतनं वाट काढत निघतो. मला वाटलं, आता तरी! बाजारात कुठलं झाड येणार? तर बाजारात अननस विकायला आले होते. अननसाची पाच पानं झाली.

माझा संताप व्हायचा. पलीकडं पत्रिकेचं गिऱ्हाईक ताटकळतंय, मुहूर्त तोंडावर आलाय, आणि मी इथं अननसाचे डोळे मोजत बसलेय. शेवटी एकदा मी बोट आपटून विचारलं, "काका, घोडं कुठं पेंड खातंय ते तरी सांगा. ह्या दोघास्नी एकदा भेटवून टाका की! माझा जीव टांगणीला लागलाय."

"वाढू दे की जरा," काका म्हणाले. "झाडाला घाई न्हाई वैनी."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रूफ आज देऊ का म्हटलं, "झाडाला घाई न्हाई." चहा मागवू का म्हटलं, "वाढू दे की जरा." चहानं काय वाढायचं असतं हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि गोष्टीतलं कुठलं, खरं कुठलं, याचा तर नुसता काला. एका सकाळी दुकानात गर्दी होती. काका आले, स्टुलावर बसले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "वैनी, मरीनाला साप चावला."

बारशाची कार्डं घ्यायला आलेल्या एका मावशींनी तोंडावर पदरच घेतला. "अगं बया! कवा? कुठल्या दवाखान्यात न्हेलंय?"

"दवाखाना न्हाई तिथं," काका भिंतीला म्हणाले.

"मग घेऊन या की हिकडं! पोरीचा जीव गेल्यावर आणणार हाय व्हय? कोण हाय पोरगी तुमची?"

काकांनी छत्री मांडीवर नीट आडवी केली. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "कोण न्हवं." मावशींनी जाता जाता मला सांगितलं, म्हातारं लई तुटलंय, लक्ष ठेव. मी हसू दाबत मान हलवली. त्या "कोण न्हवं"कडं माझं लक्षच गेलं नाही तेव्हा.

काकांचं घर उद्यमनगरच्या मागं, एका जुन्या इमारतीच्या गच्चीवरची खोली. बाहेरनं लोखंडी जिना. एकदा मी प्रूफ द्यायला गेले तर गच्चीभर डबे, तेलाचे पत्र्याचे, रंगाचे, आणि प्रत्येक डब्यात काहीतरी लावलेलं. मधोमध मोठ्या पिंपात रुबाबात उभं असलेलं एक झाड त्यांनी छत्रीच्या टोकानं दाखवलं. "ही हेलिकोनिया. मोबाईलवरनं मागवली. मरीनाच्या दाराम्होरं हीच हाय."

मी वाकून बघितलं. "काका, ही कर्दळ हाय. आमच्या मोरीच्या पाण्यावर असलीच हाय."

काकांनी झाडाकडं बराच वेळ बघितलं. "दिसायला हाय तशी," म्हणाले.

पुस्तकं छोटीशी. थोड्या प्रती निघायच्या. काही एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर जायच्या, काही वाचनालयांत. मागच्या पानावर माझ्या दुकानाचा नंबर, कारण काका फोन उचलत नाहीत. त्यामुळं वाचकांच्या शिव्या खायला मी. "अहो, पैसे घेता आणि भेट दाखवत नाही?" "शेवटची पानं छापायची राहिली का तुमची?" एका बाईंनी तर पुस्तक परत पाठवलं, आत चिठ्ठी, पानं गहाळ आहेत. मी काकांना हे सगळं सांगायची. ते ऐकून घ्यायचे. "बरोबर हाय त्यांचं," म्हणायचे आणि पुढच्या कादंबरीत जायफळाचं झाड लावायचे.

असं चाललेलं असताना विमलबाईंचा फोन आला. गडहिंग्लजकडच्या. आवाज खणखणीत. "तालिमोआ लिहिणारे तुमीच काय?"

मी वैतागून म्हटलं, "मी टाइप करतो फक्त. पानं गहाळ न्हाईत. भेट न्हाईच त्यात."

"म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या. "सगळी वाचल्यात मी. दोनदोनदा. मला लेखकास्नी भेटायचंय. एक सांगायचंय, फोनवर सांगण्याजोगं न्हाई. येत्या आयतवारी बहिणीकडं कोल्हापुरास येणार हाय."

मी काकांना सांगितलं. मला वाटलं, पंख्याकडं बघतील. पण ते उठले, छत्री खाली पडली, ती उचललीच नाही. "सगळी वाचल्यात?"

"दोनदोनदा."

"झाडं सुदीक?"

"मी न्हाई विचारलं ते."

दुसऱ्या दिवशी परत आले. "त्या सगळी म्हणाल्या न्हवं? का पहिली दोन-तीन?" तिसऱ्या दिवशी परत. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, या माणसाला भेटायला म्हणून आयुष्यात कधी कुणी आलेलं नाही. भाऊ नाही, बहीण नाही, लग्न नाही. कारखान्यातले लोक रिटायर झाल्यावर आपापल्या गावी गेले. पुस्तकं लिहायची, ती कुणीतरी कुठंतरी वाचायची, बस्स. आणि आता त्यातलं एक माणूस एवढ्या लांबनं येणार होतं. काका नको म्हणत होते, पण नको म्हणायला रोज येत होते. मी म्हटलं, दुकानात नको, गिऱ्हाइकांचा गोंगाट. माझ्या घरी या दोघं. मोकळेपणी बोला.

आता इथं जी चूक झाली ती कुणाच्याही घरी झाली असती, असं माझं अजून म्हणणं आहे.

रविवारी सकाळी विमलबाई आल्या. साठीच्या आसपासच्या, ठसठशीत, नऊवार नव्हे पण पदर दोन्ही खांद्यांवरनं. त्या बसल्या सोफ्यावर. काका आले, कडक इस्त्रीची सफारी, केसांना तेल, छत्री. ते बसले समोरच्या खुर्चीवर आणि खिडकीच्या गजांकडं बघायला लागले. सासूबाई दोघांच्या मधे येऊन बसल्या, कारण घरात पाहुणं आलं की त्या मधेच बसतात. आमचे हे शिरोलीला फाउंड्रीत सुपरवायझर आहेत, रविवारी घरी असतात, तेही शर्ट घालून येऊन बसले. आणि मी आत गेले आणि पोहे केले. सकाळी पाहुणं आल्यावर माणूस दुसरं काय करणार? वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. ट्रेमधे बशा मांडल्या आणि बाहेर आणून काकांच्या पुढं धरल्या.

काकांनी पोह्याकडं बघितलं. मग विमलबाईंकडं नाही, सासूबाईंकडं नाही, परत पोह्याकडं बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम आला.

सासूबाईंनी सुरुवात केली. "गाव कुठलं म्हणालासा? घरी कोण कोण असतंय? जमीन किती हाय?"

विमलबाईंनी सगळं सांगितलं. आणि मग आमच्या ह्यांनी, ज्यांना इतर वेळी तोंड उघडायला मुहूर्त लागतो, त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि मोकळ्या मनानं म्हणाले, "आता तुमचं तुमी बोला. काय विचारायचं असंल तर विचारा. लाजू नका."

"न्हाईतर परसात जाऊन या दोघं," सासूबाई म्हणाल्या. "हितं आमच्यात अवघडल्यागत होतंय."

काका उठले. मला वाटलं, परसाकडं निघाले. परसाकडंच निघाले होते, पण परसातनं मागच्या दारानं बाहेर, बाहेरनं बोळात, बोळातनं मोठ्या रस्त्याला. चपला आमच्या पुढच्या दारात राहिल्या. छत्री खुर्चीला अडकवलेली. वाफाळणारी पोह्याची बशी तशीच. मी मागं पळाले, "काका! अवो काका!" तर बोळाच्या टोकाला सफारीची पाठ दिसली, अनवाणी, कारखान्याचा भोंगा झाल्यागत पळत होती.

घरात सगळे एकमेकांची तोंडं बघत बसलो. ह्यांचं म्हणणं, काकांना पोट बिघडल्यामुळं घाई लागली असेल. सासूबाईंचं म्हणणं, बाई पसंत पडली नसेल. "आई, बघायचा कार्यक्रम न्हवता त्यो!" मी ओरडले. आणि ओरडल्यावर माझं मलाच कळलं, की मी काय मांडून ठेवलं होतं. पोहे, मधे बसलेली म्हातारी, विचारा काय विचारायचं ते. आयला! पण कळलं तरी अर्धंच. बघायचा कार्यक्रम वाटला म्हणून एवढा मोठा माणूस अनवाणी पळतो?

विमलबाई शांतपणे पोहे खात होत्या. "मीठ कमी हाय," एवढंच म्हणाल्या आणि बहिणीकडं गेल्या.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी चपला आणि छत्री घेऊन काकांचा जिना चढले. डोक्यात राख घालूनच गेले होते. काका डब्यांना पाणी घालत होते. पायाला फडकं बांधलेलं. मी तोंड उघडायच्या आधी कर्दळीला म्हणाले, "वैनी, पोरगी बघाय मामा न्ह्यायचा मला."

मी चपला खाली ठेवल्या.

"पोहं यायचं. पोरगी खाली मान घालून बसल्याली असायची. सगळी म्हणायची, विचारा काय विचारायचं ते. काय विचारायचं हो? स्वैपाक येतोय का, शिवण येतंय का. आपुन काय म्हशीचं दात बघाय आलोय व्हय? मला त्या पोरीचंच वाईट वाटायचं. जीभ टाळ्याला चिकटायची. मग दोघास्नी परसात धाडायची. परसात एखादं झाड असायचंच. मी त्या झाडाचं सांगायचो. पेरूचं असंल तर पेरूचं, शेवग्याचं असंल तर शेवग्याचं."

"आणि?"

"ते सांगून होस्तवर आतनं हाक यायची."

मला हसू येत होतं आणि हसता येत नव्हतं. काकांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"एक होती वडगावची. परसात लिंबूणी होती. ती ऐकत होती वैनी. खरंच ऐकत होती. लिंबूणीचं सगळं ऐकलं तिनं आणि मग वर बघून म्हणाली, झाडाचं झालं, आता तुमचं सांगा की."

"मग? तुमी काय सांगितलंसा?"

"आतनं हाक आली," काका म्हणाले. "तिला दुसरीकडं दिली. त्यानंतर मी मामाला म्हटलं, आता नको."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. काकांनी एका डब्यातलं वाळलेलं पान खुडलं.

"म्हटलं, कागदावर तरी जमंल. तिथं मामा न्हाई, पोहं न्हाई. लांब बेटावर न्हेलं दोघास्नी, कुणी हाक मारणारं नको. त्यो रणधीर चालत जातोय बघा तिच्याकडं, तर हितं माझीच छाती धडधडाय लागतीय. पुढं काय बोलायचं ते मला म्हाईतच न्हाई. मग मी मधे झाड लावतो." त्यांनी छत्री माझ्या हातातनं घेतली. "आता बंद करतो वैनी. अर्धी टाइप झाल्याली टाकून द्या. एक बाई एवढ्या लांबनं आली आणि तिच्याम्होरनं मी पळून आलो. मला तोंड न्हाई लिहायला."

मी इतकं बोलते की गिऱ्हाइकं कानावर हात ठेवतात. पण तिथं मी नुसत्या चपला त्यांच्या पायाजवळ सरकवल्या आणि निघाले. जिना उतरताना पायऱ्या नीट दिसेनात.

दुपारी दुकानात विमलबाई हजर. संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होत्या. मी आधी एकच विचारलं, "मावशी, तुमचं म्हायेर वडगाव व्हय?"

"न्हाई. नूल. का?"

"काय न्हाई," मी म्हटलं. उगीच आशा. कादंबऱ्या टाइप करून करून माझंही डोकं भंजाळलंय. मग मी त्यांना सगळं सांगितलं, पोह्यापासनं लिंबूणीपर्यंत, आणि म्हटलं, "आता त्यांनी लिवायचंच बंद केलंय. तुमाला रणधीर-मरीनाची भेट पायजे होती, ती आता कवाच व्हायची न्हाई."

विमलबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "भेट? कुणी सांगितलं तुला मला भेट पायजे? मी तर भेटवू नका म्हणून सांगाय आलतो!"

आता मात्र मी हात टेकले. "आं?"

"बस खाली," त्या म्हणाल्या. माझ्याच दुकानात मला. "माझा नवरा वाईट न्हवता. दारू न्हाई, मार न्हाई. बघाय आला तवा त्यानं एकच विचारलं, स्वैपाक येतोय का. त्यानंतर मरंस्तवर रोज तेच विचारलं, स्वैपाक झाला का. दुसरं काय विचारल्यालं मला आठवत न्हाई. माझं नाव बी घेतलं न्हाई कवा, अगं म्हणायचा. आणि हा रणधीर बघ. एवढी पुस्तकं झाली, अजून मरीना मरीना करत जंगल तुडवालाय. भेटला की झालं. दुसऱ्या दिवशी म्हणंल, च्या टाक."

"आणि ती झाडं?"

"झाडं बी चांगली असत्यात की. लोक सोडून देत्यात ती पानं, मी वाचतो. त्या पानांत कोण कुणाला काम सांगत न्हाई."

मी शटर अर्धं ओढलं, विमलबाईंना गाडीवर मागं बसवलं आणि उद्यमनगरला गेले. लोखंडी जिन्यावर दोन बायकांच्या चपला वाजल्या की किती आवाज होतो! आम्ही गच्चीत पोचेपर्यंत काकांच्या खोलीचं दार आतनं धाडकन लागलं आणि कडी पडली.

मी दारावर थाप मारणार, तेवढ्यात विमलबाईंनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. उघडू नका वो," त्या दाराला म्हणाल्या. "मी बघत न्हाई तुमच्याकडं. मी काय विचारणार न्हाई, तुमी काय विचारू नका." आणि खरंच दाराकडं पाठ करून उंबऱ्याशी बसल्या. ऊन मी म्हणत होतं. समोर डब्यांच्या रांगा. त्यांच्याकडं बघत त्यांनी मला सांगितलेलं सगळं दाराला सांगितलं, स्वैपाक येतोय का पासनं च्या टाकपर्यंत. मी जिन्याच्या तोंडाशी उभी. ओठ चावत होते.

"तर लिवा तुमी," विमलबाईंनी शेवटाला म्हटलं. "भेटू देऊ नका त्यास्नी. आणि घटपर्णीचं परत एकदा लिवा. ती माशी मला आवडली. एवढंच सांगायचं हुतं. येतो मी."

पण त्या उठल्या नाहीत. बसून राहिल्या. मीही हलले नाही. मला वाटत होतं, आता खालनं कुणीतरी हाक मारणार. गिऱ्हाइकाचा फोन येणार. काहीतरी मधे येणारच. मी मोबाईलचा आवाज बंद केला. देवाशपथ, त्या दोघांपेक्षा माझीच छाती जास्त धडधडत होती.

बऱ्याच वेळानं दाराच्या आतनं काका खाकरले. परत खाकरले. मग आवाज आला, अगदी दाराला तोंड लावून बोलल्यासारखा.

"विमलबाई, जेवलासा काय?"

विमलबाईंनी मान वळवली नाही. पदरानं डोळे पुसले, तेही हळूच, कुणाला कळू नये असं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी?"

"न्हाई," काका म्हणाले. "पिठलं केलंय मी. भाकरी सकाळची हाय. चालंल?"

आणि कडी निघाल्याचा आवाज झाला. त्यापुढचं मी बघितलं नाही. चपला हातात घेऊन, अनवाणी, तो तापलेला जिना उतरले. का रडत होते ते मला नीट सांगता यायचं नाही. खाली गाडीपाशी येऊन ह्यांना फोन लावला. दुसरी पाळी होती, त्यामुळं अजून घरीच होते.

"बोललं! काका बोललं!"

"काय बोललं?"

"जेवलासा काय म्हणालं."

पलीकडं टीव्हीचा आवाज बारीक झाला. मला वाटलं, ह्यांनाही काहीतरी झालं.

"हात्तिच्या! एवढंच व्हय?" हे म्हणाले. "बरं, तू कवा येतीस? स्वैपाक झालाय का आपला?"

मी फोन ठेवून दिला.